लावणी, जलसा आणि हिपहॉप : जात, वंश व स्त्रीप्रतिमा यांचा तौलनिक विचार

१

उपेक्षित समाजाची कला आणि त्या समाजाविषयी इतरांच्या मनात रुजलेली प्रतिमा यांचा परस्परसंबंध वरवर पाहता सरळ वाटतो. कला हा समाजाचा आरसा होय. तेव्हा कलेत जे दिसते ते त्या समाजाच्या अंगी असलेच पाहिजे, असे अनुमान सामान्य प्रेक्षक करतो आणि पुष्कळदा वृत्तपत्रकार व न्यायाधीशही करतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जन्मलेल्या हिपहॉप या कलाप्रकाराला हिंसक व स्त्रीनिंदक ठरविताना हेच अनुमान वापरले गेले. महाराष्ट्रात तमाशा व लावणी यांना ग्राम्य आणि अश्लील ठरवून तो दोष महार, मांग, कोल्हाटी आदी जातींच्या, विशेषतः त्या जातींतील स्त्रियांच्या, पदरी बांधण्यात आला, तोही याच अनुमानाच्या बळावर.

या अनुमानात एक मोठी उणीव आहे. गाणारा कोण आहे हे ते पाहते. परंतु गाण्याचे मोल कोण देतो, कोणत्या गाण्याला मोल मिळते आणि कोणत्या गाण्याला मिळत नाही, याकडे ते लक्ष देत नाही. ही उणीव ध्यानात घेऊन प्रस्तुत निबंधात दोन गोष्टी प्रतिपादन करावयाच्या आहेत. पहिली अशी की, कलेवर बसणारा जातीचा अथवा वंशाचा शिक्का हा केवळ गीतातील शब्दांतून उमटत नाही. गाणारा आणि मोल देणारा यांच्यातील विषम संबंधांतून तो घडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा शिक्का पुसून टाकण्याचे जे प्रयत्न त्या त्या समाजाने केले, त्यांत जातीचा वा वंशाचा कलंक प्रथम विचारात घेतला गेला. स्त्रीवरील कलंकाचा प्रश्न मागे राहिला, आणि कित्येकदा स्त्रीलाच मंचावरून दूर करून तो सुटला असे मानण्यात आले. या प्रतिपादनासाठी तमाशा व जलसा यांचा इतिहास, अमेरिकेतील हिपहॉपचा इतिहास आणि मुंबईतील अलीकडचे रॅप यांचा क्रमाने विचार केला असून, शेवटी महापे परिसरातील आगरी गीतपरंपरेच्या उदाहरणावर तो तपासून पाहिला आहे.

२

महाराष्ट्र आणि कृष्णवर्णीय अमेरिका यांची तुलना ही ओढूनताणून केलेली जुळणी नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो दासांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे निग्रो समाजाच्या वतीने ठेवल्या जाणाऱ्या निवेदनाविषयी विचारणा केली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर ही संघटना स्थापन केली, तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते. दोन समाजांतील हे आदानप्रदान शंभर वर्षांचे आहे. हिपहॉप हा त्यातील अलीकडचा दुवा होय.

तथापि, साम्याबरोबर भेदही ध्यानी ठेवला पाहिजे. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात सांगितल्यावाचून दिसत नाही, परंतु वस्ती, बोली, आडनाव आणि व्यवसाय यांवरून ती ताडली जाते. म्हणूनच अमेरिकेत १८३० नंतरच्या काळात थॉमस राइस या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ हे सोंग लोकप्रिय केले, तेव्हा कृष्णवर्णीयांची टवाळी करावयास प्रत्यक्ष कृष्णवर्णीयाची गरजही उरली नाही. सोंगाचे हे नाव पुढे वंशभेदाच्या कायद्यांनाच चिकटले. महाराष्ट्रात स्थिती वेगळी होती. येथे सोंग घेणाऱ्या नटाऐवजी, त्या जातीत जन्मास आलेल्या स्त्रीनेच नाचावे अशी अपेक्षा होती. कला हाच जन्मसिद्ध व्यवसाय ठरला आणि व्यवसाय हेच तिच्या शीलाचे प्रमाण मानले गेले.

३

पेशवाईच्या उत्तरकाळात लावणीला जो बहर आला त्याचे रचनाकार कोणा एका जातीचे नव्हते. राम जोशी, अनंत फंदी व प्रभाकर हे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, तर सगनभाऊ मुसलमान. काव्याच्या क्षेत्रात असा मोकळेपणा असला, तरी ज्या देहांवर ते काव्य नाचविले गेले त्यांची वाटणी मात्र जातीने ठरलेली होती. फडावर स्त्रीवेषातील मुलगा, म्हणजे ‘नाच्या पोऱ्या’, असे. दिवाणखान्यात कलावंतिणी असत. आणि बटकी व कुणबिणी म्हणून बाळगल्या जाणाऱ्या दासींवरही हे काम लादले जाई. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लावणी-कलावंत स्त्रियांवरील निबंधात या व्यवस्थेचे मर्म दाखविले आहे. एका बाजूस घरंदाज पतिव्रता आणि दुसऱ्या बाजूस सदैव कामातुर अशी कनिष्ठ जातीची स्त्री, ही जोडी लावणीच्या उपभोगातून पक्की झाली. पहिलीचे पावित्र्य राखण्यासाठी दुसरीचे अस्तित्व आवश्यक होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दरबारी आश्रय गेला. फड गावोगाव हिंडू लागले. पुढे मुंबईच्या गिरण्यांतील कामगार हा त्यांचा मोठा प्रेक्षक झाला. या काळातील पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई हिवरगावकर यांचे उदाहरण बोलके आहे. बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), हे ब्राह्मण. पवळा महार समाजातील. दोघांच्या जोडीने तमाशाला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. परंतु या जोडीची आठवण ज्या रीतीने सांगितली जाते तीत एक विषमता आहे. बापूरावांनी जात सोडली, कुलकर्णीपण सोडले, म्हणून त्यांची कथा त्यागाची होते. पवळेची कथा तिच्या रूपाची होते. एकाच मंचावर, एकाच कलेत, पुरुषाला प्रतिभा लाभली आणि स्त्रीला देह. तिने गळा कसा कमावला, अदाकारी कशी घडविली, हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत.

४

या शिक्क्याविरुद्धचा पहिला संघटित प्रयत्न सत्यशोधक चळवळीने केला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यात नवा आशय भरला. शेतकऱ्याची नागवणूक, भटभिक्षुकांची लबाडी, शिक्षणाची निकड हे विषय ढोलकीच्या साथीने गावोगाव पोहोचले. त्यापुढचा टप्पा आंबेडकरी जलशांचा. १९३० नंतरच्या काळात नाशिक भागातील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी ज्या अक्षरशून्य श्रोत्यांपर्यंत वृत्तपत्र पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळीचा विचार नेला. या जलशांत पारंपरिक गणाचे स्वरूप बदलले, गौळण वगळली गेली, शृंगारिक लावणीला जागा राहिली नाही. आणि नाचणारी स्त्रीही मंचावर राहिली नाही.

हा निर्णय कोणत्या भावनेतून घेतला गेला हे समजून घेणे अगत्याचे आहे. पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले द्रव्य, महार स्त्रियांना नाचवून मिळविलेले म्हणून, डॉ. आंबेडकरांनी नाकारल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या व जोगतिणी यांच्यापुढे बोलताना त्यांनी तो व्यवसाय सोडून देण्याचे आवाहन केले. ज्या समाजातील स्त्रीचा देह ही परंपरेने इतरांच्या करमणुकीची वस्तू ठरलेली होती, त्या समाजाला माणुसकी मिळवावयाची तर ही साखळी तोडणे भागच होते. अशा परिस्थितीत मंचावर स्त्री नसणे हे अन्यायाविरुद्धचे एक पाऊल होते.

परंतु या पावलाची किंमतही होती आणि ती कलावंत स्त्रीने मोजली. जलशाने शाहिराला तमासगिराच्या पायरीवरून उचलून प्रचारक व शिक्षक यांच्या पायरीवर नेऊन बसविले. स्त्रीसाठी अशी कोणतीही नवी पायरी त्या मंचावर तयार झाली नाही. ती जुन्या फडातच राहिली. आणि आता तिच्यावर दोन ठपके आले, गावाच्या दृष्टीने ती ‘तसली’ बाई होतीच, स्वसमाजाच्या दृष्टीनेही ती मागे राहिलेली ठरली. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवरील आपल्या २०२२ च्या ग्रंथात ‘अश्लील’, ‘माणुसकी’ आणि ‘अस्सल’ या तीन शब्दांभोवती हा पेच मांडला आहे. एकीकडून अश्लीलतेचा ठपका, दुसरीकडून माणुसकीची मागणी आणि तिसरीकडून अस्सल कलेचा आग्रह, या तिन्हींच्या मध्ये त्या स्त्रीला पोट भरावयाचे होते.

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या कार्यात या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने लावणी टाकून दिली नाही. तिचा विषय बदलला. ‘मुंबईची लावणी’ मध्ये शहर हाच वर्ण्यविषय झाला. ‘माझी मैना’ मध्ये कामगाराची गावाकडे राहिलेली बायको वर्णिली गेली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिची ताटातूट ही मराठी मुलखाच्या ताटातुटीची खूण बनली. लावणीतील नायिका येथे प्रथमच श्रमिकाची सन्मान्य सहचरी म्हणून दिसते. हे मोठे परिवर्तन होय. मात्र तीही बोलत नाही. तिच्याविषयी बोलले जाते. स्त्रीच्या प्रतिमेचे उन्नयन आणि स्त्रीला मिळालेला स्वर या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे उत्तम उदाहरण ठरते.

५

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती सैल करताना संहितेची तपासणी आणि ‘सुधारणा’ यांचा आग्रह धरण्यात आला. याच काळात ‘तमाशा’ या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द प्रतिष्ठित झाला. शब्द बदलला तसे मंचावरील माणसेही बदलू लागली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) सारख्या लोकनाट्याने मध्यमवर्गीय प्रेक्षकाला नाट्यगृहात आणले. तमाशाचा ढंग रंगभूमीला मिळाला. ज्यांचा तो ढंग होता ती कुटुंबे कनातीतच राहिली.

चित्रपटाने हे काम अधिक मोठ्या प्रमाणावर केले. १९४७ मधील ‘लोकशाहीर राम जोशी’ ने तमाशापटाची वाट घालून दिली. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाने पुण्यात शंभराहून अधिक आठवडे मुक्काम केला. या चित्रपटाचे नाव स्त्रीमुखी आहे आणि त्यात तमासगीर स्त्री गावच्या पाटलाच्या अत्याचाराची हकीगत फडावरून सांगते; म्हणजे निदान कथेपुरता तरी स्वर तिचा आहे. १९७२ मधील व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ मध्ये दृष्टी पालटते. १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाच्या धर्तीवर बेतलेल्या या कथेत आदर्श शिक्षकाचा अधःपात होतो आणि त्या अधःपाताचे निमित्त नाचणारी स्त्री असते. तेरा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन चित्रपटांत अन्यायाची साक्षीदार असलेली स्त्री मोहाचे मूळ बनली, आणि प्रेक्षकांनी दोहोंना उदंड आश्रय दिला. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव दिले, हा योगायोग नव्हे. भूमिकेतील स्वर आणि जीवनातील स्वर यांतील अंतर त्यांनी त्या ग्रंथात उघड केले आहे.

प्रत्यक्ष फडावरच्या स्त्रीची स्थिती या काळात काय होती, याचे उत्तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या जीवनात सापडते. तमाशाची सम्राज्ञी म्हणून गौरविल्या गेलेल्या या कलावतीची अखेरची वर्षे हलाखीत गेली. त्यांच्या निधनानंतर राज्य शासनाने तमाशा-कलावंतांसाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावे सुरू केला. लावणी ही महाराष्ट्राची ओळख म्हणून प्रदर्शनांतून व महोत्सवांतून मिरविली गेली. लावणी जगविणारी स्त्री मात्र त्या ओळखीची भागीदार झाली नाही.

६

आता हिपहॉपकडे वळू गेल्यास हाच क्रम दुसऱ्या भूमीवर आढळतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून १९४८ नंतर एक रुंद महामार्ग काढण्यात आला. वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, उद्योग गेले आणि १९७० नंतरच्या दशकात घरेच्या घरे जळाली. अशा भागातील सेज्विक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेली एक मेजवानी हिपहॉपची जन्मवेळ मानली जाते. तेथे तबकड्या वाजविणारा क्लाइव्ह कॅम्बेल, ऊर्फ डीजे कूल हर्क, हा जमैकातून आलेला तरुण होता. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबविण्याची त्याची युक्ती हा या संगीताचा पाया ठरला. परंतु ही मेजवानी आयोजित केली होती ती त्याची बहीण सिंडी कॅम्बेल हिने. पुढे १९७९ मध्ये ज्या ध्वनिमुद्रणाने रॅप देशभर पोहोचविले, त्या ‘रॅपर्स डिलाइट’ ची निर्मिती सिल्व्हिया रॉबिन्सन या स्त्रीने केली. आणि वस्तीतील दैन्याचे चित्र रेखाटणारे १९८२ चे ‘द मेसेज’ हेही तिच्याच संस्थेने प्रसिद्ध केले. जन्मकाळी स्त्रिया अशा केंद्रस्थानी असूनही या कलेची रूढ प्रतिमा केवळ पुरुषाची का झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

त्याचे एक कारण बाजाराच्या घडणीत सापडते. मे १९९१ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने ध्वनिफितींचा खप दुकानांतील प्रत्यक्ष विक्रीवरून मोजण्यास प्रारंभ केला. लगेच जून महिन्यात एन.डब्ल्यू.ए. या गटाचा आक्रमक संग्रह पहिल्या क्रमांकावर चढला. उपनगरांतील गोऱ्या तरुणांची खरेदी आता स्पष्टपणे आकड्यांत दिसू लागली होती. त्यांना वस्तीतील जो कृष्णवर्णीय हवा होता तो बंदूकधारी होता, आणि त्याच्या बाजूस उभी असलेली स्त्री शोभेची वस्तू होती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने नभोवाणी-केंद्रांच्या मालकीवरील देशव्यापी मर्यादा काढून टाकली. एकाच कंपनीच्या हाती हजाराहून अधिक केंद्रे आली आणि खपणारी तीच ती प्रतिमा सर्वत्र वाजू लागली. ट्रिशा रोझ यांनी १९९४ व २००८ च्या आपल्या ग्रंथांत या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे. ‘जिम क्रो’ चे सोंग घेण्यासाठी गोऱ्या नटाला काजळी फासावी लागे. आता ते सोंग मोल देऊन कृष्णवर्णीय तरुणाकडूनच वठवून घेता येऊ लागले.

शिक्का पुसण्याचा प्रयत्न येथेही झाला आणि त्यातील पेचही तोच होता. १९९० मध्ये फ्लॉरिडातील एका न्यायालयाने टू लाइव्ह क्रू या गटाचा संग्रह अश्लील ठरविला. १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. या वादात कृष्णवर्णीय कलेवरच नेमका अश्लीलतेचा बडगा का, हा प्रश्न रास्तपणे विचारला गेला. किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित विदुषीने १९९१ मध्ये लिहिलेल्या निबंधात एक पाऊल पुढे टाकून दाखविले की, खटला भरणाऱ्यांना कृष्णवर्णीय स्त्रीच्या अब्रूची चिंता नव्हती आणि गटाची बाजू घेणाऱ्यांनाही ती नव्हती. वंशाच्या सन्मानासाठी तिने अपमान सोसावा, अथवा स्वतःच्या सन्मानासाठी वंशाविरुद्ध साक्ष द्यावी, एवढेच दोन मार्ग तिच्यापुढे ठेवले गेले. आंबेडकरी जलशाच्या काळात तमासगीर स्त्रीपुढे उभा राहिलेला पेच आणि हा पेच यांत तत्त्वतः भेद नाही.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट कलावंत स्त्रियांनी स्वतःच काढली. क्वीन लतीफा हिने १९८९ मध्ये ‘लेडीज फर्स्ट’ आणि १९९३ मध्ये ‘युनिटी’ या गीतांतून, रॅपची भाषा न सोडता, स्त्रीच्या अवहेलनेला जाहीर जाब विचारला. २००४ मध्ये अटलांटा येथील स्पेलमन या कृष्णवर्णीय महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी एका लोकप्रिय गायकाच्या चित्रफितीतील स्त्रीचित्रणाविरुद्ध आवाज उठविला. या विद्यार्थिनी हिपहॉपच्या विरोधक नव्हत्या, त्या त्याच्या श्रोत्या होत्या. म्हणून त्यांच्या टीकेला ‘बाहेरच्यांची टीका’ म्हणून झटकून टाकणे शक्य झाले नाही.

७

मुंबईत रॅपची जी लाट २०१४ नंतर उसळली तिचे मूळ अंधेरी, कुर्ला, धारावी अशा दाट वस्त्यांत होते. नेझी या नावाने गाणाऱ्या तरुणाचे ‘आफत’ (२०१४) आणि डिव्हाइन व नेझी यांचे ‘मेरे गल्ली में’ (२०१५) यांनी या गायनाला ‘गल्ली’ हे नाव व पत्ता दिला. तोपर्यंत हिंदी चित्रपटात झोपडपट्टीतील तरुण बहुधा गुंड, चोर किंवा दयेचा विषय म्हणून येत असे. तो आता स्वतःच्या बोलीत स्वतःची हकीगत सांगू लागला. स्वदेशी या गटाने मराठीसह अनेक भाषांत रचना केल्या. २०१९ मध्ये आरे येथील प्रकाश भोईर यांच्यासह गायिलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’ मध्ये जंगलतोडीचा प्रश्न मांडला गेला. सत्यशोधक जलशापासून चालत आलेल्या शाहिरी परंपरेशी या रचनांचे नाते जोडण्यास आधार आहे.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला आणि १९५९ मध्ये तमाशाच्या बाबतीत जे घडले त्याची आवृत्ती निघाली. वस्तीतील कला देशभर पोहोचली. त्याबरोबरच वस्तीची एक ठराविक प्रतिमाही बाजारात आली. चित्रपटात ‘असली हिपहॉप’ चा घोष आहे. हा ‘असली’ आणि पाईक यांनी चर्चिलेला ‘अस्सल’ हे एकाच कुळातले शब्द होत. कला अस्सल ठरविण्याचा अधिकार एकदा खरेदीदाराच्या हाती गेला की कलावंताला आपली गरिबी, आपली शिवी, आपली गल्ली ही सतत दाखवीत राहावी लागते. दुसरा विषय घेतला तर तो ‘अस्सल’ राहत नाही. शिक्का पुसण्यासाठी उचललेले साधनच अशा रीतीने नवा शिक्का उमटविते.

या लाटेतही गल्लीचा ‘बॉय’ प्रथम दिसला. स्त्रीला गल्लीत उभे राहून मोठ्याने बोलण्याची मुभाच मुळात कमी असल्यामुळे तिचा प्रवेश उशिरा व अधिक कष्टाने झाला. डी एमसी या नावाने गाणाऱ्या दीपा उन्नीकृष्णन, महादेव कोळी समाजातून आलेल्या आणि माही जी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मधुरा घाणे, तसेच केवळ स्त्रियांचा असलेला ‘वाइल्ड वाइल्ड वुमेन’ हा मुंबईतील गट यांनी ही जागा मिळविली. या गटात मराठीत रॅप करणाऱ्या स्त्रियाही आहेत. येथे एक ऐतिहासिक भेद नोंदविण्यासारखा आहे. लावणीतील शब्द बहुशः पुरुषाने रचले आणि स्त्रीने ते गायिले. रॅपचा संकेतच असा की गाणाराने स्वतःचे शब्द स्वतः रचावे. हा संकेत नेहमी पाळला जातो असे नाही, तरीही त्याने स्त्रीच्या हाती जे दिले ते लावणीच्या फडाने सहसा दिले नव्हते.

८

हे प्रतिपादन केवळ तमाशा व रॅप यांपुरते नाही, हे पाहण्यासाठी मुंबईच्या खाडीपलीकडील एका परिसराचे उदाहरण पुरेसे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. खाडीकाठची भातशेती व मिठागरे हे या पट्ट्याचे जुने जीवन. १९६० नंतर औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे उभी राहिली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची आखणी झाली. जमिनी गेल्या आणि त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले. आज महाप्यास संगणक-उद्योगांच्या काचेच्या इमारती आणि मूळ गावठाण एकमेकांना लागून उभी आहेत.

ठाणे-रायगड पट्ट्यातील या आगरी समाजाच्या विवाहविधीत धवळारीण ही स्त्री धवळे गाते. ती केवळ करमणूक करीत नाही. हळदीपासून लग्नापर्यंतचे विधी तिच्या गीतांच्या अनुरोधाने पार पडतात, आणि म्हणून तिला पुरोहिताचा मान असतो. धवळे या नावाचे मराठीतील वय मोठे आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचलेले ‘धवळे’ प्रसिद्ध आहेत, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचा निर्देश केला जातो. धवळारिणीचे मोल ज्या घरी लग्न असते ते घरच देते. तिचा श्रोता तिचा आप्त असतो. तिच्या रूपाकडे पाहण्यासाठी कोणी आलेला नसतो.

याच किनारपट्टीवरील कोळी-आगरी जीवन तबकडी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतून राज्यभर पोहोचले तेव्हा मात्र निराळेच चित्र पुढे आले. घट्ट कासोटा, डोईवर टोपली, ठसक्यातील चाल आणि फटकळ जीभ असलेली कोळीण ही ठराविक आकृती चित्रपटांत, विनोदी नाट्यप्रवेशांत व शाळांच्या स्नेहसंमेलनांत सर्वत्र स्थिर झाली. मासळीबाजारात व्यवहार चोख सांभाळणारी, घराचा पैसा हाताळणारी स्त्री या आकृतीत उरली नाही; तिचा ठसका तेवढा उरला. समाज तोच, गीतपरंपरेची भूमी तीच. परंतु एका ठिकाणी मोल देणारा आप्त आहे आणि दुसऱ्या ठिकाणी परका ग्राहक. एका ठिकाणी स्त्री विधीची अधिकारी आहे. दुसऱ्या ठिकाणी ती देखावा आहे. अश्लीलतेचा प्रश्न येथे उद्भवलेलाच नाही, तरीही साचा घडला. यावरून साच्याचे मूळ गीतातील शृंगारात नसून व्यवहारातील विषमतेत आहे, हे स्पष्ट होते.

९

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष मर्यादित असले तरी विचारार्ह आहेत. उपेक्षितांच्या कलेवरील ठपक्याचा अभ्यास करताना गीताच्या संहितेइतकेच तिच्या आश्रयदात्याकडे, विक्रेत्याकडे व परीक्षकाकडे लक्ष दिले पाहिजे. पेशवाईतील दिवाणखाना, १९९१ नंतरची अमेरिकन बाजारपेठ आणि आजचा चित्रपट-व्यवसाय यांची साधने भिन्न आहेत. निवड करण्याची त्यांची सत्ता सारखी आहे. म्हणून लावणी मुळातच अश्लील आहे किंवा रॅप मुळातच हिंसक आहे, या विधानांना इतिहासाचा आधार सापडत नाही. त्याचबरोबर, सर्व दोष बाजाराचा आणि कलावंत सर्वथा निर्दोष, असेही म्हणता येणार नाही. खपणारी प्रतिमा वठविण्यात समाजातील पुरुषांनी आपला वाटा उचलला आहे आणि त्याचा भार स्त्रियांनी वाहिला आहे.

दुसरा निष्कर्ष सुधारणेच्या इतिहासाविषयी आहे. जलसा, लोकनाट्य आणि गल्ली-रॅप या तिन्ही टप्प्यांवर पुरुष कलावंताची प्रतिष्ठा वाढली, आणि ती वाढणे न्याय्यच होते. परंतु स्त्रीचा प्रश्न दर वेळी पुढच्या टप्प्यावर ढकलला गेला. कलंकित मंचावरून स्त्रीला खाली उतरविल्याने कलंक नाहीसा होत नाही. तो तिच्यासोबत कनातीत जातो. मंचावर राहून, स्वतःचे शब्द उच्चारून, स्वतःच्या श्रोत्यांपुढे तिने तो झुगारला, तेव्हाच काही पालट झालेला दिसतो. पवळेची गायकी, विठाबाईंचा फड, धवळारिणीचा अधिकार आणि आजच्या तरुण रॅप-गायिकांचे शब्द यांच्या नोंदी अद्याप विखुरलेल्या आहेत. धवळारिणींची गीते त्यांच्याच मुखातून, त्यांच्याच नावानिशी टिपून घेणे आणि फडावरील वृद्ध कलावतींच्या कथनांचा संग्रह करणे, हे मराठी विभागांच्या आवाक्यातले काम आहे. या स्त्रियांविषयी इतरांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यांनी स्वतः काय सांगितले, याचे दप्तर मात्र अजून तयार व्हावयाचे आहे.